अडवलेले तेरा वेग

सकाळी घरातून निघताना मी पाणी पीत नाही. भांडुपहून गाडी, सीएसएमटीला उतरून फोर्टातलं ऑफिस, आणि मधे अडचण झाली तर जायचं कुठे, हा हिशेब बावीस वर्षांत इतका अंगात मुरलाय की आता त्या वेळेला तहानच लागत नाही. लेडीज डब्यातल्या बऱ्याच जणींचा हाच हिशेब असतो, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. परवा डब्यात चिकटवलेल्या एका जाहिरातीकडे लक्ष गेलं. डोळे मिटून आडवी झालेली बाई, कपाळावर तेलाची धार, खाली ‘मनःशांतीचा आयुर्वेदिक मार्ग’ आणि एका बैठकीचा भाव, साडेतीन हजार रुपये. जाहिरातीखालीच एक मुलगी दरवाजाच्या दांडीला धरून उभ्याउभ्या झोपली होती.

ज्या शास्त्राच्या नावावर ती तेलाची धार विकली जात होती, त्याचा आद्य ग्रंथ म्हणजे चरकसंहिता. तिच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायाचं नाव आहे ‘नवेगान्धारणीय’. शरीराचे कोणते वेग अडवू नयेत, हा त्याचा विषय. वेग तेरा सांगितलेत: मूत्र, मल, शुक्र, अधोवायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमाने लागलेली धाप. प्रत्येक वेग अडवला तर काय बिघडतं आणि बिघडल्यावर काय करायचं, हे एकदोन श्लोकांत उरकलंय. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आयुर्वेद आठवला नाही, आमचा डबा आठवला. मूत्र, तहान, भूक, झोप, धाप हे पाच तर रोजचेच. उरला तो अश्रूंचा. तोही अडवावा लागतो, कारण रडायला मुंबईत जागा लागते आणि दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असली की ती मिळत नाही.

आयुर्वेद आणि मानसिक आरोग्य हा विषय निघाला की आपल्याकडे दोन फळ्या पडतात. एकीला वाटतं, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, गोळ्या सोडा नि ब्राह्मी घ्या. दुसरीच्या मते हे सगळं थोतांड आहे. मला दोन्ही फळ्यांशी भांडायचंय, पण त्याआधी तिसऱ्या मंडळींशी. ही मंडळी ना श्रद्धाळू ना नास्तिक, ती दुकानदार आहेत. मनाचं आरोग्य ही माणसाने सुट्टीच्या दिवशी विकत घ्यायची वस्तू आहे, असं त्यांनी आपल्या गळी उतरवलंय. आयुर्वेदाचं या बाबतीतलं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. मन दिवसात राहतं, असं तो सांगतो. किती वाजता उठलात, काय आणि केव्हा जेवलात, कुणाशी काय बोललात, काय दाबून ठेवलंत, किती झोपलात, यात. आणि मुंबईकराचा दिवस मुंबईकराच्या हातात नसतो. तो गाडीचं वेळापत्रक, ऑफिसची पाळी, घरमालक, पालिका आणि शेजारच्या मंडपातला डीजे मिळून ठरवतात. म्हणून दिनचर्येचा सल्ला फक्त रुग्णाला देणं म्हणजे चुकीच्या पत्त्यावर पत्र टाकणं.

आता ग्रंथांत नेमकं काय आहे ते थोडं बघू, कारण त्यांच्या नावावर काहीही खपवलं जातं.

शरीर, इंद्रियं, सत्त्व म्हणजे मन, आणि आत्मा यांचा संयोग म्हणजे आयुष्य, ही चरकाची व्याख्या. सुश्रुताने निरोगी माणसाची ओळख सांगताना दोष, अग्नी, धातू, मल यांचा समतोल सांगितला आणि शेवटी जोडलं, ‘प्रसन्नात्मेन्द्रियमनाः’. म्हणजे रक्ताचे सगळे रिपोर्ट चांगले असूनही ज्याचं मन प्रसन्न नाही त्याला सुश्रुत निरोगी म्हणणार नाही. शरीराचे दोष वात, पित्त, कफ. मनाचे दोन, रज आणि तम. रज म्हणजे धावाधाव, हाव, चडफड. तम म्हणजे जडपणा, सुस्ती, काहीच नको वाटणं. सोमवारी सकाळी रज आणि रविवारी संध्याकाळी तम, असं माझं स्वतःचं निदान आहे, पण ते वैद्यांनी मनावर घेऊ नये.

उपचार तीन प्रकारचे सांगितलेत. दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र, होम, उपवास, तीर्थयात्रा वगैरे. युक्तिव्यपाश्रय म्हणजे आहार आणि औषध यांची विचारपूर्वक योजना. तिसरा सत्त्वावजय, म्हणजे अहितकारक विषयांपासून मनाला आवरून धरणं. आजचे अभ्यासक या तिसऱ्याला मानसोपचाराचा पूर्वज म्हणतात. मला ते थोडं ताणलेलं वाटतं. एका ओळीच्या सूत्राला समुपदेशनाचं शास्त्र म्हणायचं, तर मधली दोन हजार वर्षं आपण ते का वाढवलं नाही, याचंही उत्तर द्यावं लागेल.

खरी श्रीमंती मला इतर ठिकाणी दिसते. अश्रूंचाच श्लोक घ्या. आसवं अडवली तर पडसं, डोळ्यांचे विकार, हृदयाचे विकार, अरुची आणि भोवळ. आणि त्यावर उपाय? ‘स्वप्नो मद्यं प्रियाः कथाः’. झोप, थोडं मद्य आणि आवडत्या गोष्टी. मद्याचं सोडून देऊ, पण दुःख गिळलेल्या माणसाला झोपू द्या आणि त्याच्याशी त्याला आवडेल असं बोला, असं औषधाच्या जागी लिहून ठेवणारा वैद्य मला फार जवळचा वाटतो. गंमत अशी की याच अध्यायात पुढे अडवायच्या वेगांची यादी येते: लोभ, शोक, भय, क्रोध, मान, मत्सर वगैरे. म्हणजे शोक आवरायचा, पण आसवं आवरायची नाहीत. मला याचा अर्थ असा लागतो की रडून घ्यायचं, पण दुःख जे करायला सांगतंय ते लगेच करायचं नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. मुलगा रडला की ‘बायकांसारखा रडू नकोस’ आणि रागाने ताट भिरकावलं की ‘गरम डोक्याचा आहे तो, करू दे’.

दुसरी जागा उन्मादाच्या म्हणजे वेडाच्या चिकित्सेत आहे. प्रिय वस्तू गमावल्यामुळे ज्याचं मन मोडलंय, त्याला तिच्यासारखं दुसरं काही मिळवून द्यावं, सांत्वन करावं, धीर द्यावा. ‘तत्सदृशप्राप्ति’ हा शब्द वाचून मला माझे वडील आठवले. ते लालबागच्या एका गिरणीत कामाला होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि पुढचं सगळ्या गिरणगावाला माहीत आहे. बाबांचं काम गेलं ते गेलंच. नंतर कितीतरी वर्षं ते चाळीच्या गॅलरीत दुपारी पाळी सुटायच्या वेळेला येऊन उभे राहायचे. भोंगा वाजायचा बंद झाला होता, पण त्यांच्या अंगाला वेळ कळायची. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं, रात्री टक्क जागे. चाळीतली मंडळी आईला सांगायची, ‘भाऊंना गुरुवारचा उपास धरायला सांग, मन शांत होईल’. एका वैद्यांनी सारस्वतारिष्ट हे आयुर्वेदिक औषध दिलं, एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. दोघांच्याही हाती दुसरं काय होतं? चरकाच्या चिठ्ठीप्रमाणे त्यांना द्यायला हवं होतं ते त्या गेलेल्या कामासारखं काम. ती चिठ्ठी वैद्याच्या दुकानात भरून मिळत नाही. ती सरकारदरबारी न्यावी लागते, आणि गिरणी कामगारांनी ती किती वर्षं हातात घेऊन फेऱ्या मारल्या ते आपण पाहिलंय.

त्यामुळे ‘समग्र’ हा शब्द मी जरा जपून ऐकते. समग्र म्हणजे शरीर, मन, आत्मा, एवढं सगळे म्हणतात. त्यात भाडं धरत नाहीत, पाळी धरत नाहीत, शौचालय धरत नाहीत. मुंबईतल्या महिला संघटनांनी २०११मध्ये ‘राइट टू पी’ची मोहीम उभी केली, कारण पुरुषांना मुतारी फुकट होती आणि बायकांना पैसे मोजावे लागत होते. त्या मोहिमेतल्या कुणी चरकाचं नाव घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण गेल्या काही वर्षांत या शहरात आयुर्वेदाच्या सर्वांत जवळ कोण गेलं असं मला विचाराल, तर मी त्यांच्याकडे बोट दाखवीन. पहिल्या क्रमांकाच्या वेगासाठी त्या रस्त्यावर आल्या. तसंच रात्रीच्या आवाजाचं. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २०००च्या नियमांत लिहिलेली आहे. ‘निद्रायत्तं सुखं दुःखं’, सुख आणि दुःख दोन्ही झोपेवर अवलंबून, असं म्हणणाऱ्या शास्त्राचा अभिमान बाळगणारे किती जण रात्री अकराला पोलिसांना फोन लावून ढोल बंद करा म्हणतात? उलट तो फोन करणाऱ्यालाच संस्कृतिद्रोही ठरवतात.

आता भुताखेतांचं. आयुर्वेदाच्या आठ अंगांत भूतविद्या किंवा ग्रहचिकित्सा हे एक अंग आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. बनारस हिंदू विद्यापीठाने २०१९च्या अखेरीस भूतविद्येचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम जाहीर केला तेव्हा देशभर थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांना आणि अभिमान बाळगणाऱ्यांना, दोघांनाही चरकाच्या निदानस्थानातला सातवा अध्याय वाचायला द्यायला हवा होता. ‘नैव देवा न गन्धर्वा न पिशाचा न राक्षसाः’ असा श्लोक तिथे आहे. माणूस स्वतःच्या कर्माने आधी बिघडलेला नसेल तर देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस त्याला पीडा देत नाहीत. आणि पुढे, प्रज्ञापराधातून म्हणजे बुद्धीच्या चुकीतून झालेल्या रोगासाठी शहाण्याने देवांना, पितरांना, राक्षसांना दोष देऊ नये. बाहेरची बाधा, करणी, लागीर यांच्या बाजारासमोर हा श्लोक मोठ्या अक्षरांत लावावा असा आहे. महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला तो २०१३मध्ये, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमात साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण ६ ऑगस्ट २००१ला आगीत जळून गेले. साखळी सगळ्या धर्मांच्या आसऱ्याने चालते.

पण त्या श्लोकालाही एक काटा आहे आणि तो मला बोचतो. भुताला सोडवलं, मग दोषी कोण? सुखदुःखाचा कर्ता स्वतःलाच मानावं, असं लगेच पुढे येतं. नैराश्यात बुडालेल्या माणसाला ‘तुझ्याच कर्माने झालंय’ म्हणणं हे भूत लागलंय म्हणण्यापेक्षा फार दयाळू नाही. आजचे अध्यात्मवाले सकाळच्या निरोपांतून हेच वाटतात: विचार बदला, नकारात्मक माणसं टाळा, नामस्मरण करा. बरा झालात तर गुरूची कृपा, नाही झालात तर तुमची श्रद्धा कमी. आणि चरकाच्याच उन्मादचिकित्सेत दात काढलेला साप अंगावर सोडणं, माणसाळवलेले सिंह आणि हत्ती दाखवून घाबरवणं, चाबकाने मारणं हेही आहे. अभिमानाने पोथी उघडणाऱ्यांनी ती पानं चिकटवून ठेवू नयेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात ते असणं स्वाभाविक आहे, आजच्या वैद्याने ते गाळणंही तितकंच स्वाभाविक आहे. आणि एकदा गाळायला सुरुवात केली, की काय ठेवायचं याची कसोटी पोथीबाहेरची लागते, हे मान्य करावं लागतं.

ही कसोटी लावल्याने आयुर्वेदाचा अपमान होतो असं मानणाऱ्यांसाठी मुंबईतलीच एक गोष्ट. सर्पगंधेची मुळी वेडावर द्यायची रीत आपल्याकडे जुनी. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१मध्ये उन्माद आणि रक्तदाब यांवरच्या तिच्या परिणामाविषयी लिहिलं. मग १९४९मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळं काढलं गेलं, पुढे अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ नॅथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं. मानसिक आजारांवरच्या आधुनिक औषधांच्या पहिल्या पिढीतलं हे एक औषध. वैद्यकातला १९५७चा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांत वकीलही होते. पण गोष्ट इथे संपत नाही. हे औषध घेणाऱ्या काही जणांना खोल उदासीने घेरल्याच्या नोंदी झाल्या, आणि मेंदूतल्या रसायनांचा उदासीशी काय संबंध, या विचाराला त्या नोंदींनीही धक्का दिला. म्हणजे एकाच मुळीने कुणाचा उन्माद शांत केला आणि कुणाला अंधारात ढकललं. ‘वनस्पती आहे, अपाय नाही’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याने सर्पगंधा पाहिली नसावी.

आज तीच जागा अश्वगंधेने घेतलीय. ताण आणि चिंता यांत तिचा उपयोग होतो असं छोट्या छोट्या चाचण्यांत दिसलंय, ते मी नाकारत नाही. पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, थायरॉइडवर परिणाम होतो, झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढू शकते. डेन्मार्कने २०२३मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे ती गोड गोळीच्या रूपात औषधाच्या दुकानात च्युइंगगमच्या शेजारी मिळते. दादरच्या काष्ठौषधीवाल्याकडे ब्राह्मी मागा, तो आधी विचारेल कुठली? कारण दोन वेगळ्या वनस्पतींना लोक ब्राह्मीच म्हणतात. हा प्रश्न विचारणारा दुकानदार मला आवडतो. बाटलीवर असा प्रश्न छापलेला नसतो. आणि बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४मध्येच छापून आलंय.

माझ्या मावसभावाची गोष्ट मी त्याला विचारून लिहितेय. तिशीच्या आत त्याला बायपोलर आजाराचं निदान झालं. लिथियम सुरू झालं, चार वर्षं बरी गेली, नोकरी टिकली, लग्न ठरलं. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून तो शहराबाहेरच्या एका शुद्धीशिबिराला गेला. तिथे पहिल्याच दिवशी ‘हे विष आहे, शरीर शुद्ध होईपर्यंत बंद’ म्हणून गोळ्या काढून घेतल्या. दीड महिन्यात तो तीन तीन रात्री जागा राहू लागला, घरात न सांगता कर्ज काढलं, शेवटी त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. लग्न मोडलं ते निराळंच. आणखी एक गोष्ट आम्हाला नंतर कळली, ती प्रत्येक पंचकर्मवाल्याला ठाऊक असायला हवी. लिथियम चालू असलेल्या माणसाला जोराचं विरेचन म्हणजे जुलाबाचं औषध दिलं, शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं, तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. म्हणजे गोळ्या काढून घेतल्या नसत्या तरी तिथे धोका होताच. आज तो रात्री लिथियम घेतो आणि मग त्याची आई काशाच्या वाटीने तूप लावून त्याचे तळपाय घासते. झोप चांगली लागते म्हणतो. वाटीमुळे की आईमुळे, मला ठाऊक नाही. पादाभ्यंग म्हणा नाहीतर माया म्हणा. पण वाटीने गोळीची जागा मागितली नाही, म्हणून ती त्या घरात टिकली.

अध्यात्माबद्दल माझं म्हणणं याच धर्तीचं आहे. दैवव्यपाश्रयाच्या यादीत ‘गमन’ असा एक शब्द आहे, तीर्थाला चालत जाणं. सोमवारी रात्री उपनगरांतून सिद्धिविनायकाला चालत निघालेले पोरांचे घोळके बघा. अनवाणी, गप्पा मारत, मधे चहाला थांबत. त्यांच्यातला एखादा नोकरी गेलेला असतो, एखादा परीक्षेत नापास झालेला. रात्रभर चालणं, सोबत, एक ठरवलेलं ठिकाण, आणि शेवटी काहीतरी मागायची मुभा. याला मी हसत नाही. लोकलमधली भजनी मंडळंही तशीच. टाळ, ठरलेला डबा, ठरलेली गाडी, एखादा दोन दिवस दिसला नाही तर घरी फोन. मंडळातला कुणी स्वतःला उपचारक म्हणवत नाही, हा त्यातला मोठा गुण. अध्यात्माने दुकान थाटलं, पावती फाडली आणि आजार बरा करण्याचा दावा केला की ते दुसरंच काहीतरी होतं, आणि मग त्याला औषधाचे सगळे नियम लागू व्हायला हवेत.

मग आयुर्वेदाचं मानसिक आरोग्यात काम काय? कायद्याने हा प्रश्न अर्धा सोडवलाय, हे फार थोड्यांना माहीत आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोण, याच्या व्याख्येत आयुर्वेदातली मनोविज्ञान आणि मानसरोग या विषयातली पदव्युत्तर पदवी घेतलेला वैद्यही येतो. पण असे वैद्य मोजके. दुसरीकडे, २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, महानगरांत प्रमाण जास्त, आणि उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के. ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या दारापर्यंत जायला घरचे घाबरतात, खासगी मानसोपचारतज्ज्ञाची फी परवडत नाही. मग ही माणसं जातात कुठे?

गल्लीतल्या डॉक्टरकडे जातात. आणि मुंबईच्या वस्त्यांमध्ये गल्लीतला डॉक्टर बऱ्याच वेळा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधर असतो. भांडुप, धारावी, मानखुर्द, मालवणी, कुठेही पाट्या वाचत चला. म्हणजे ज्याने परीक्षेसाठी का होईना चरक पाठ केलाय, ज्याला रुग्णाच्या दशविध परीक्षेत म्हणजे दहा अंगांच्या तपासणीत सत्त्व म्हणजे मनाचं बळ तपासायला शिकवलंय, तो माणूस प्रत्येक गल्लीत आधीच बसलेला आहे. त्याच्यासमोर कुणी ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत येत नाही. ‘डोकं जड आहे’, ‘छातीत धडधडतंय’, ‘गॅस वर चढतोय’, ‘हातापायात जीव नाही’ असं म्हणत येतात. त्याला इंजेक्शन आणि तीन रंगांच्या गोळ्या मिळतात, कारण रुग्णाला त्याच हव्या असतात आणि डॉक्टरला पुढचा रुग्ण बघायचा असतो. आयुर्वेद महाविद्यालयात घालवलेली साडेपाच वर्षं त्या खुर्चीत बसताच पुसली जातात.

मला शिरोधारेची, म्हणजे कपाळावरच्या त्या तेलाच्या धारेची आणखी केंद्रं नकोत. मला हवं आहे ते एवढंच, की या हजारो डॉक्टरांना त्यांच्याच शास्त्राचे प्रश्न परत विचारायला लावावेत. झोप किती? जेवण केव्हा? गेल्या महिन्यात काय गेलं, माणूस, काम, घर? रडता येतं का? मरावंसं वाटतं का? हा शेवटचा प्रश्न पोथीतला नाही, पण आज तो विचारल्याशिवाय कुणाला उठू देऊ नये. उत्तर ‘हो’ असेल तर चूर्ण न देता मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं आणि तोवर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर लिहून द्यावा. चालू गोळी कुणाची बंद करू नये. पालिकेने अशा डॉक्टरांना केईएम, नायर, सायनच्या मानसोपचार विभागात वर्षातून काही दिवस बसवावं, आणि त्या विभागांनीही त्यांना चहा आणायला न पाठवता शिकवावं. वरळीचं पोदार आयुर्वेद महाविद्यालय आणि परळचं केईएम यांच्यात अंतर केवढं? टॅक्सीचंही भाडं फार होणार नाही.

लेख लिहायला घेण्याआधी मी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले होते. बीएएमएस, वीस वर्षांचा दवाखाना, चांगला माणूस. त्यांना तो आसवांचा श्लोक अजून पाठ होता, मला म्हणूनही दाखवला. मी विचारलं, ‘डॉक्टर, कुणाला झोप किती लागते असं शेवटचं कधी विचारलंत?’ ते हसले. ‘अहो ताई, विचारायला अर्धा मिनिट लागतं. उत्तर ऐकायला वेळ कुठून आणू? बाहेर बघा.’ बाहेरच्या बाकावर सात जण होते, आणखी पाच-सहा जण भिंतीला टेकून उभे. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि जांभई दाबली.